विश्लेषण : तरंगत्या पोलादी पेटीच्या पोटात गंज चढतो तेव्हा...

पावसाळा तोंडावर आला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या खुल्या कोळसा खाणींत पंपांची जमवाजमव सुरू होते. हे पंप ज्या पोकळ पोलादी पेट्यांवर बसवून पाण्यावर सोडतात, त्यांना पाँटून म्हणतात. दिसायला ओबडधोबड असले, तरी पाँटून ही बोटच. तिला शीड, सुकाणू, नाव नाही. पण तळ आहे, बाजू आहेत, आणि पोटात गंजही आहे. बाहेरून पिवळाधमक रंग दिलेल्या पाँटूनचा पत्रा आतून किती खाल्ला गेला आहे, हे बहुतेकदा तो एका कोपऱ्यावर कलंडल्यावरच कळते. त्याहून गंभीर बाब अशी, की दुरुस्तीसाठी त्याचे झाकण उघडून आत डोकावणाऱ्या माणसाचा जीव हाच गंज क्षणात घेऊ शकतो. हे कसे घडते आणि अशा पेटीची दुरुस्ती नीट कशी करतात, ते पाहू.

समुद्र नाही, मग बोट कशाला?

वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, माजरी या क्षेत्रांतल्या खुल्या खाणी वर्धा, इरई, पैनगंगा या नद्यांच्या आसपास आहेत. जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. खाणीचा खड्डा एक चौरस किलोमीटरचा धरला आणि एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर खड्ड्यात एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी जमते. भूजलाचा पाझर वेगळा. हे पाणी उतारावरून सर्वांत खोल भागातल्या ‘संप’मध्ये येते.

संपमधली पातळी रोज बदलते. काठावर बसवलेला पंप आज बुडेल, उद्या उघडा पडेल. म्हणून पंप पाण्यावरच तरंगता ठेवतात. पातळी वर-खाली झाली की पाँटूनही वर-खाली होतो. नदीकाठच्या काही पाणी उपसा योजनांतही हीच युक्ती वापरली जाते. पाँटून बुडाला तर पंप गेला, पंप गेला तर खालचा कोळशाचा थर पाण्याखाली गेला आणि डंपर थांबले. म्हणून त्याची दुरुस्ती एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यादरम्यान उरकावी लागते. सगळी घाई इथे होते, आणि अपघाताची बीजेही इथेच पेरली जातात.

गडचिरोलीत इंद्रावती आणि पर्लकोटेच्या काठी अजूनही झाडाचे खोड कोरून केलेले डोंगे दिसतात. लाकूड कुजते, पण कुजताना दिसते. पोलादाची बंद पेटी तसे काही दाखवत नाही.

गंज बाहेरून कमी, आतून जास्त का?

लोखंड निसर्गात शुद्ध धातूच्या रूपात जवळजवळ सापडतच नाही. सुरजागडच्या टेकड्यांत आहे ते हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. भट्टीत प्रचंड उष्णता खर्चून त्यातला ऑक्सिजन काढला की पोलाद मिळते. गंज म्हणजे त्याच पोलादाने ऑक्सिजन आणि पाणी पुन्हा उचलून मूळ रूपाकडे परत जाणे. (याच भागात पोलाद करण्याचा विचार जुना आहे. चंद्रपूरच्या लोहाऱ्यातील खनिजावर रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने १८८२ मध्ये अहवाल दिला. तो वाचून जमशेटजी टाटांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला, पण त्या कोळशाचा कामाचा कोक होत नव्हता.)

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो घट्ट चिकटून धातूला झाकतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि फुगीर असतो. ज्या धातूपासून तो बनतो त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा तो व्यापतो. त्यामुळे रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि खाली नवा धातू उघडा पडतो. एक मिलिमीटर पत्रा गेला की अनेक मिलिमीटर जाडीचा खपला दिसतो. म्हणून नुसता खपला पाहून घाबरण्यात अर्थ नाही, आणि खपला दिसत नाही म्हणून निश्चिंत राहण्यातही नाही.

पाँटूनच्या बाहेरच्या बाजूला रंग असतो, ऊन-वारा असतो, कोणाची तरी नजर असते. आत यापैकी काहीच नसते. पेटी पूर्णपणे हवाबंद आहे असे समजले जाते, प्रत्यक्षात ती क्वचितच तशी राहते. झाकणाचे गॅसकेट सुकते, वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढे छिद्र राहते, बोल्ट सैल होतात. मग दिवसा उन्हाने तापून आतली हवा प्रसरण पावते आणि बाहेर जाते. रात्री पाण्याने पत्रा गार झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पेटी अक्षरशः श्वास घेते. प्रत्येक श्वासागणिक थोडी वाफ आत येते, गार पत्र्यावर दवासारखी जमते आणि ओघळून तळाशी साचते. चंद्रपुरात दिवसा चटका आणि खाली खोल खड्ड्यातले गार पाणी, हा फरक मोठा असतो. वर्षभराने झाकण उघडले की तळात बोटभर पाणी सापडते आणि छिद्र मात्र सापडत नाही.

या पाण्यात कोळशाची भुकटी आणि गाळ मिसळला की परिस्थिती बिघडते. गाळाखाली ऑक्सिजन पोचत नाही, शेजारच्या उघड्या पत्र्यावर पोचतो. या फरकामुळे एकाच पत्र्याचे दोन भाग बॅटरीच्या दोन टोकांसारखे वागू लागतात आणि गाळाखालचा भाग खाल्ला जातो. तिथेच सल्फेटवर जगणारे जिवाणू असले तर कुजक्या अंड्यांचा वास आणि काळा चिखल दिसतो. तो चिखल खरवडला की खाली चकचकीत धातूचे खोलगट खड्डे असतात. अनुभवी फिटर लाल गंजापेक्षा या काळ्या गाळाला अधिक घाबरतो.

खाणीच्या पाण्याबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. खाणीचे पाणी म्हणजे आम्लच, असे सरसकट म्हणता येत नाही. कोळशात पायराइट असेल तर हवा-पाण्याच्या संपर्कात गंधकाम्ल तयार होते हे खरे. पण भारतातल्या गोंडवाना कोळशात गंधकाचे प्रमाण सहसा कमी असते. प्रत्येक संपचा सामू वेगळा. तो चारच्या खाली असेल तर साध्या रंगाचा टिकाव लागत नाही. सातच्या आसपास असेल तर तोच रंग काही वर्षे काढतो. सामू मोजायला कागदाची पट्टी पुरते. ती न वापरता हजारो रुपयांचा रंग निवडला जातो, हे नवल.

झाकण उघडणाऱ्याचा जीव कसा जातो?

या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि त्यासाठी थोडे गणित मांडायला हवे.

पाँटूनची एक पेटी ५ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि तेवढीच उंच धरू. आतली जागा होते ७.२ घनमीटर आणि आतला पत्रा साधारण २७ चौरस मीटर. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो निम्म्यावर, म्हणजे साडेदहा टक्क्यांवर आणायला किती लोखंड गंजावे लागेल? साधारण सव्वादोन किलो. हे सव्वादोन किलो सगळ्या पत्र्यावर सारखे वाटले तर जाडी भरते जेमतेम ११ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या पाच-सहा पट जाड असतो. ओलसर, बिनरंगाचा पत्रा वर्षाला ०.१ मिलिमीटर या वेगाने गंजत असेल, आणि हा वेग काही फार नव्हे, तर बंद पेटीत ही अवस्था यायला सव्वा ते दीड महिना पुरेसा आहे.

म्हणजे ज्या पेटीत ‘काही नाही, थोडासा गंज आहे’ असे म्हणतात, तिच्यातली हवा श्वास घेण्याजोगी उरलेली नसते. वास येत नाही, धूर नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. उरलेला असतो तो निव्वळ नायट्रोजन, जो आपण एरवीही श्वासातून घेतच असतो.

शरीराला याची सूचना का मिळत नाही? गुदमरल्याची जाणीव शरीराला ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, ती रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. गंजलेल्या पेटीत कार्बन डायऑक्साइड वाढलेला नसतो. माणूस नेहमीसारखा श्वास घेत राहतो आणि कोसळतो. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या खाली गेला की विचार व हालचाल मंदावते, १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते, सहा टक्क्यांच्या खाली काही मिनिटांत मृत्यू येतो. पहिल्या दोन-तीन श्वासांतच पाय लटपटले, तर शिडी चढून बाहेर येण्याएवढी ताकद राहत नाही.

मग वर उभा असलेला सोबती ‘काय झाले’ म्हणून आत उडी घेतो. विहिरीत मोटार काढायला एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, अशा बातम्या विदर्भात दरवर्षी वाचायला मिळतात. हा प्रकार त्याच घराण्यातला. अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार आरोग्य संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते, की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते.

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. हवेत ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. पाँटूनमध्ये मात्र ही रीत वापरू नये. आत रंगाच्या थिनरची किंवा डिझेलची वाफ असेल तर तोच कंदील स्फोट घडवील. इथे हवे ते गॅस मोजण्याचे यंत्र. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चारही मोजणारे खिशात मावेल एवढे यंत्र मिळते. नळी खाली सोडून तळाशी, मध्ये आणि वर अशा तिन्ही ठिकाणी मोजायचे, कारण थिनरची वाफ जड असते आणि तळाशी बसते.

कायद्याला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. कारखाने अधिनियमाच्या १९४८ च्या कलम ३६ मध्येच अशा टाकीत शिरण्यापूर्वी जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यावा, किंवा श्वसनसाधन आणि पट्टा लावून त्याचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, असे सांगितले होते. आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा अधिकचा नसावा, हेही कलम ३६-अ मध्ये होते. कोळसा खाणींच्या नियमावलीत भूमिगत कामाच्या जागी ऑक्सिजन १९ टक्क्यांपेक्षा कमी नसावा, अशी अट आहे. अडचण नियमांची नाही. पाँटून खाणीच्या काठावर, उघड्या आभाळाखाली पडलेला असतो. तो ‘बंदिस्त जागा’ आहे असे कोणाच्या मनातच येत नाही. आणि आत शिरतो तो बहुधा ठेकेदाराकडचा, रोजंदारीवरचा वेल्डर किंवा त्याचा हेल्पर, ज्याला हे कोणी सांगितलेले नसते.

योग्य पद्धत साधी आहे. दोन्ही टोकांची झाकणे उघडायची. एकच झाकण असेल तर दुसरे भोक पाडण्याचे नियोजन करायचे, पण गॅसकटरने नव्हे. एका बाजूने ब्लोअरने हवा सोडायची, ती तळापर्यंत पोचेल अशी नळी लावायची. मग मोजायचे. काम चालू असेपर्यंत ब्लोअर आणि मोजमाप दोन्ही चालू ठेवायचे. झाकणापाशी एक माणूस कायम बसलेला हवा, ज्याचे काम फक्त पाहणे आणि दोर ओढणे हे आहे. त्याने आत शिरायचे नाही.

एक घोडचूक कार्यशाळांतून ऐकू येते: गॅस कटिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन आत सोडून ‘हवा ताजी’ करणे. ऑक्सिजन २४-२५ टक्क्यांवर गेला तरी कपडे, केस, ग्रीस एका ठिणगीने भडकतात. आत साधी हवाच सोडायची.

पत्रा किती उरला, हे कसे कळते?

गाळ काढून, गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून मगच पाहणी. हातोडी हे पहिले साधन. शाबूत पत्रा ठणठणीत वाजतो, खंगलेला भद्द वाजतो, आणि कधी हातोडी आरपार जाते. तेव्हा प्रश्नच मिटतो.

त्यानंतर अल्ट्रासोनिक जाडीमापक. तो एका बाजूने लावला तरी ध्वनिलहरींच्या परतीच्या वेळेवरून जाडी सांगतो. नेमके कुठे मोजायचे हे महत्त्वाचे आहे. पाण्याची रेषा जिथे हलते तो पट्टा, तळाचे कोपरे, आधारपट्ट्यांच्या मुळाशी आणि वेल्डिंगच्या कडेला. मधल्या सपाट भागावर दहा ठिकाणी मोजून ‘सरासरी साडेपाच मिलिमीटर’ असा अहवाल देणे म्हणजे ज्या नदीत एक डोह आहे तिची सरासरी खोली सांगण्यासारखे. सहा मिलिमीटर पत्रा सारखा गंजत गेला तर वर्षाला ०.१ मिलिमीटरने साठ वर्षे टिकेल; पण गंज खड्ड्यांच्या रूपाने जातो आणि खड्डा सरासरीच्या कित्येक पट वेगाने खोल होतो.

पाच मिलिमीटरचे छिद्र काय करते? पेटी साठ सेंटिमीटर बुडालेली असेल आणि आतली हवा निघून जायला वाट असेल, तर पहिल्या तासाला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी आत येते. दिवसभरात दोन-तीन टन. वरच्या आकारमानाच्या पेटीची निव्वळ वहनक्षमता सहा टनांच्या आतच आहे, आणि त्यावर पंप, मोटार, पाइप, माणसे. एका कोपऱ्यातली पेटी भरली की पाँटून सरळ बुडत नाही, कलंडतो. मोटारीची केबल पाण्यात जाते ती त्या वेळी.

ठिगळ की नवा पत्रा?

जहाजांच्या जगात ढोबळ नियम असा, की मूळ जाडीच्या साधारण चौथ्या हिश्शापर्यंत घट झाली तर तो पत्रा बदलण्याचा विचार करायचा. बदलायचा म्हणजे खराब भाग कापून काढायचा, कोपरे गोल ठेवायचे आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा बसवून दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचा.

प्रत्यक्षात केले जाते ते वेगळे. गंजलेल्या पत्र्यावरच मोठा पत्रा ठेवून चारी कडा वेल्ड करतात. एक पावसाळा भागतो, हे मान्य करायला हवे. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरा पर्याय नसतो. पण दोन पत्र्यांमधल्या फटीत ओल अडकते आणि ती कधीच सुकत नाही. जुन्या पातळ पत्र्यावर वेल्डिंगची उष्णता पडली की तोही कडेने जळतो. दोन वर्षांनी ठिगळाच्या शेजारी नवे ठिगळ लागते. असे पाँटून पाहिले तर गोधडी आठवते.

वेल्डिंगआधी सांध्याच्या दोन्ही बाजूंचा रंग किमान दहा सेंटिमीटर साफ करावा लागतो. जस्ताचा किंवा इपॉक्सीचा रंग जळाला की विषारी धूर होतो, आणि बंद पेटीत तो जाणार कुठे? पत्र्याच्या पलीकडे काय आहे, हेही पाहायचे. शेजारच्या बंद पेटीत तेल किंवा थिनरची वाफ असेल तर ठिणगी आत न शिरताही फक्त उष्णतेने स्फोट होऊ शकतो.

शेवटी गळती तपासताना कंप्रेसर सरळ जोडण्याचा मोह आवरावा. ०.१५ बार दाब आणि साबणाचे पाणी एवढे पुरते. त्या दाबातही १.२ मीटरच्या चौरस टोकावर दोन टनांहून अधिक भार येतो. कंप्रेसरचा सात बार दाब दिला तर तोच भार शंभर टनांवर जाईल. पेटी फाटेल आणि सोबत उभे असलेलेही.

घासायचे तरी किती?

रंग किती चांगला यापेक्षा तो कशावर बसला यावर त्याचे आयुष्य ठरते. वायर ब्रश आणि ग्राइंडरने सुटा गंज निघतो, खड्ड्यांच्या तळातला निघत नाही. उलट ग्राइंडरचा ब्रश जोरात फिरवला तर गंज चकाकतो आणि साफ झाल्याचा भास होतो. खरा इलाज ब्लास्टिंग. आंतरराष्ट्रीय मानकात ‘एसए अडीच’ नावाची पायरी आहे; त्यात पत्रा जवळजवळ पांढरट धातूसारखा दिसतो, फक्त पुसट डाग उरतात. तळाच्या आणि पाणरेषेच्या भागाला तरी हे हवेच.

ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरू नये. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. ब्रिटनने याच कारणासाठी वाळूचे ब्लास्टिंग १९४९ च्या नियमांनी बंद केले. कॉपर स्लॅग, गार्नेट किंवा पोलादी कण हे पर्याय आहेत. बंद पेटीत हे काम करणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारे हेल्मेट लागते. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे काहीच नव्हे.

गंजाला काळा करणारी औषधे चालतात का?

बाजारात ‘गंज परिवर्तक’ म्हणून द्रव मिळतात. त्यांत बहुधा टॅनिक आम्ल किंवा फॉस्फोरिक आम्ल असते. पहिले गंजाचे काळ्या आयर्न टॅनेटमध्ये रूपांतर करते, दुसरे फॉस्फेटमध्ये. यात जादू नाही. गडचिरोलीच्या जंगलातला हिरडा टॅनिनने भरलेला असतो. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो हे आपल्या रंगाऱ्यांना आणि शाई करणाऱ्यांना शतकानुशतके माहीत होते. तीच रसायनक्रिया बाटलीत भरली आहे.

पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर आणि जिथे हत्यार पोचत नाही अशा कोपऱ्यात हे औषध उपयोगी पडते. जाड खपल्यावर ते ओतले तर वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. पाण्याखाली कायम राहणाऱ्या पत्र्यासाठी निव्वळ त्यावर विसंबणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

रंग कोणता आणि केव्हा?

एके काळी जहाजांना शेंदूर लावत. देवाला लावतात तोच, शिशाचे ऑक्साइड. तो गंजाविरुद्ध उत्तम, पण शिसे विषारी असल्याने मागे पडला. आजचे ‘रेड ऑक्साइड’ दिसायला त्याच्या जवळपास असले, तरी ते लोखंडाचेच ऑक्साइड आहे. गेट-ग्रिलला ते ठीक. सतत पाण्यात राहणाऱ्या पेटीला दोन घटकांचा इपॉक्सी लागतो. कोळशाच्या डांबराचा इपॉक्सीही वर्षानुवर्षे वापरला गेला; डांबरातले काही घटक कर्करोगकारक असल्याने त्याचा वापर आता कमी होत आहे.

इपॉक्सीची मेख वेळेत आहे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, नाहीतर न दिसणाऱ्या ओलीवर रंग बसतो. एप्रिल-मेच्या चंद्रपुरात ही अट सहज पाळली जाते. तिथे उलटा प्रश्न येतो. पारा ४६ अंशांच्या पुढे गेल्यावर उन्हातला पत्रा हाताला चटके देतो. त्यावर रंग टेकण्याआधीच थिनर उडते आणि पृष्ठभाग खरखरीत, छिद्रांचा होतो. डब्यात मिसळलेला रंगही तापमान दहा अंशांनी वाढले की निम्म्या वेळात घट्ट होतो. म्हणून काम पहाटे किंवा सूर्य उतरल्यावर, शक्य तर मांडवाखाली. जूनमध्ये पहिली सर पडून गेल्यावर घाईने रंगवलेले पाँटून पुढच्याच वर्षी सोलवटलेले दिसतात.

फवाऱ्याआधी वेल्डिंगचे सांधे, कडा, कोपरे ब्रशने रंगवून घ्यायचे. धारेवरून रंग ओघळून पातळ होतो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. दोन हातांमध्ये कंपनीने सांगितलेले अंतर पाळायचे. रंग चालू असताना आत थिनरची वाफ असते, म्हणून ब्लोअर आणि गॅसमापक तेव्हाही हवेतच.

बोटींना जस्ताचे तुकडे जोडतात, ते स्वतः गंजून पोलाद वाचवतात. समुद्रात हे छान चालते. गोड्या पाण्यात विजेचे वहन कमी असल्याने जस्त सुस्त राहते. तिथे मॅग्नेशियम बरे. पण हे तुकडे पाण्यात बुडलेल्या भागाचेच रक्षण करतात. पेटीच्या आत वाफेने गंजणाऱ्या छताला त्यांचा उपयोग शून्य.

उशीर केला तर?

महाराष्ट्राने याची किंमत मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. १९६१ मध्ये नौदलात आलेली पहिली विमानवाहू ‘आयएनएस विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. पुढे तिचे मुंबईत संग्रहालय झाले, पण कवच खंगत गेले आणि २०१२ मध्ये ती लोकांसाठी असुरक्षित ठरवून बंद करावी लागली. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. वाचवा म्हणणारे खूप होते. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर मागे सरणारेही तेवढेच. गोव्यात २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिज उत्खनन थांबले, तेव्हा मांडवी-झुआरीतल्या बार्ज नांगरून पडल्या. चालती बार्ज दरवर्षी गोदीत जाते, खरवडली जाते. उभ्या बार्जच्या पोटात पाहायला कोणी जात नाही. पाँटूनचेही तेच. खाणीचा एक भाग संपला की ते काठावर ओढून ठेवतात आणि दोन पावसाळ्यांनी पुन्हा पाण्यात लोटतात.

उलट उदाहरण ब्रिस्टलचे. १८४३ मध्ये पाण्यात उतरलेले ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज कोरड्या गोदीत ठेवले आहे. घासून आणि रंगवून त्याचा गंज थांबेना, कारण खारे क्षार धातूत मुरलेले होते. अखेर त्याच्याभोवतीची हवाच यंत्रांनी सुकवली. तिथे आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास राखली जाते. पाँटूनला अशी यंत्रणा कोणी लावणार नाही. पण तत्त्व स्वस्तात वापरता येते: पेटी कोरड्या दिवसांत, आत सिलिका जेलच्या पिशव्या टाकून, नव्या गॅसकेटने खरोखर हवाबंद करणे. वरच्याच गणिताने पाहिले तर पूर्ण बंद पेटीतला सगळा ऑक्सिजन संपेपर्यंत पत्रा फार तर २२ मायक्रॉन जातो आणि मग गंज थांबतो. पोलादासाठी याहून चांगली व्यवस्था नाही; मात्र अशा पेटीच्या झाकणावर ‘आत प्राणवायू नाही’ असे मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत रंगवलेले असायलाच हवे. ही पाटी लिहायला शंभर रुपयांचा रंगही लागत नाही.

पोलाद सोडून दुसरे काही?

पेटीत फोम भरण्याचा पर्याय सुचवला जातो. छिद्र पडले तरी ती बुडत नाही, हा मोठा फायदा. पण फोम आणि पत्र्याच्या मध्ये पाणी शिरले की गंज दिसतही नाही आणि मोजताही येत नाही. शिवाय अशा पेटीवर पुढे वेल्डिंग केले तर फोम जळून विषारी धूर होतो. फोम भरलेली पेटी म्हणजे पुन्हा न उघडायची पेटी, हे ठरवूनच तो निर्णय घ्यावा.

एचडीपीई प्लास्टिकचे साच्यात ओतलेले तराफे आता मिळतात. ते गंजत नाहीत, आत शिरण्याची गरजच नसते. उन्हाने त्यांचे वय घटते आणि खाणीतल्या दगडाचा धक्का बसला तर ते फुटतात. जड पंपासाठी वरची चौकट शेवटी पोलादाचीच लागते. तरी लहान पंपांसाठी तो हिशेब जमतो. मोठ्या पंपांचे पोलादी पाँटून मात्र अजून बरीच वर्षे राहतील. त्यांच्यासाठी खरेदीच्या वेळीच दोन गोष्टी मागता येतात: प्रत्येक पेटीला एकाऐवजी दोन झाकणे, आणि पत्रा कापून पेटी जोडण्याआधीच आतल्या बाजूला ब्लास्टिंग करून दिलेला इपॉक्सीचा थर. बंद झाल्यावर जे काम माणसाला आत घालून करावे लागते, ते तेव्हा उघड्या जमिनीवर, उभ्याने होते.